तळावरची सही शेवटी वाचा

प्रश्न : मी नाशिकरोडच्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालो असून पत्नीसह गंगापूर रोडवरील सदनिकेत राहतो. पत्नीचे मामा मुंबईत एका परदेशी जहाज कंपनीत नोकरीला होते. त्यांच्या पश्चात त्यांची एक जाड काचेची फुलदाणी आमच्याकडे आली. उंची साडेनऊ इंचांच्या आसपास आहे, सभोवार स्त्रियांच्या उठावदार आकृती आहेत आणि तळाला बारीक तिरप्या रोमन अक्षरांत ‘लालिक, फ्रान्स’ असे कोरलेले आहे. हे नाव एका मोठ्या फ्रेंच कलाकाराचे असल्याचे समजल्यापासून त्याच्या वस्तू घरासाठी जमवाव्यात असे मनात घोळत आहे. मुंबईतील एक विक्रेता दुधी-निळसर काचेचे एक पसरट भांडे ‘1925 सालचे, सहीचे’ म्हणून देऊ करतो आहे, तर जर्मनीत असलेला मुलगा तिकडच्या लिलावांतून वस्तू घेऊ या, असे सुचवतो. पत्नीचे म्हणणे असे की, सासूबाईंची तांब्यापितळेची भांडी माळ्यावर पडून असताना परदेशी काच कशाला, आणि विवस्त्र आकृतींची फुलदाणी दिवाणखान्यात ठेवणे तिला प्रशस्त वाटत नाही. आमची फुलदाणी खरी आणि जुनी आहे का? ते भांडे घ्यावे का? यात पैसे गुंतवणे शहाणपणाचे ठरेल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

आपल्या फुलदाणीवरील अक्षरांत ‘आर’ हे आद्याक्षर नाही, ही आपण दिलेल्या माहितीतील सर्वांत उपयोगी गोष्ट आहे. रेने लालिक यांचा जन्म 1860 मध्ये फ्रान्समधील शाम्पेन प्रांतात झाला आणि 1945 मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या हयातीत घडलेल्या काचेवर सर्वसाधारणपणे ‘आर. लालिक’ अशी खूण आढळते. त्यांच्यानंतर त्यांचे चिरंजीव मार्क यांनी कारखान्याची धुरा घेतली, तेव्हा आद्याक्षर गळले आणि नुसते ‘लालिक’, बहुधा ‘फ्रान्स’ या शब्दासह, कोरले जाऊ लागले. त्याच सुमारास काचही बदलली. रेने यांच्या काळातील काचेत शिशाचे प्रमाण कमी असे. मार्क यांनी भरपूर शिसे असलेले जड, अत्यंत नितळ क्रिस्टल स्वीकारले. याचा अर्थ, आपली फुलदाणी खरी असण्याचा पुष्कळ संभव आहे, मात्र ती रेने लालिक यांच्या हयातीतील नसावी.

येथे एक भेद पक्का करून घ्यावा लागेल, कारण पुढील प्रत्येक खरेदीत तो आपल्या कामी येईल. रचनेचे वर्ष आणि घडणीचे वर्ष या दोन वेगळ्या बाबी आहेत. आपण केलेल्या वर्णनावरून ही ‘बाकांत’ नावाची फुलदाणी असू शकते. मद्यदेवाच्या उत्सवात नाचणाऱ्या उपासिकांची ही रचना रेने यांनी 1927 मध्ये केली. तिची उंचीही चोवीस सेंटिमीटरच्या थोडी पुढे जाते. परंतु आल्सेस प्रांतातील विंगेन-सुर-मोदेर या गावी 1921 मध्ये उभारलेल्या त्यांच्या कारखान्यात हीच रचना आजही घडवली जाते. त्यामुळे ‘1927 ची फुलदाणी’ असे कोणी म्हणाले, तर ते वाक्य 1930 मध्ये साच्यातून निघालेल्या वस्तूबद्दल असू शकते आणि गेल्या वर्षी निघालेल्या वस्तूबद्दलही. विक्रेता या दोहोंतील नेमके कोणते वर्ष सांगत आहे, हे त्याच्याकडून स्पष्ट करून घेणे हे संग्राहकाचे पहिले काम होय.

मात्र सहीपासून सुरुवात करू नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. सही ही वस्तूवरची सर्वांत सहज नक्कल करता येणारी गोष्ट आहे. बारीक फिरत्या अवजाराने काचेवर दोन शब्द कोरायला फार वेळ लागत नाही, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वस्तूवरील ‘लालिक’समोर एक ‘आर’ जोडायला तर त्याहून कमी. आपण आयुष्य ज्या कामात घालवले, तिथे कागदाचा पोत, शाईचा उठाव आणि रेषेची धार पाहूनच नोटेचा खरेखोटेपणा ठरतो, केवळ तिच्यावरील सहीवरून नव्हे. तीच शिस्त येथे लावावी. आधी काच पाहावी, मग साचा, मग कडा, मग तळाची झीज, आणि सर्वांत शेवटी सही.

आता आपल्या पत्नींच्या आक्षेपाकडे येतो, कारण मला तो आपल्या सर्व प्रश्नांहून मोलाचा वाटतो. सासूबाईंची भांडी माळ्यावर असताना परदेशी काच आणणे त्यांना खटकते, हे अगदी रास्त आहे. नाशिकची तांब्यापितळेची भांडी हा या शहराचा जुना लौकिक आहे, आणि भांडी बाजारात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्या तांबट-कासारांनी आपल्या कामावर कधी सही केली नाही. तरीही चांगले घंगाळ आणि सुमार घंगाळ यांतील फरक सासूबाईंच्या पिढीला पुरता कळत असे. ठोके एकसारखे पडले आहेत का, काठ वळवून नीट बसवला आहे का, सांधा कुठे आहे, तळ जमिनीवर डुगडुगतो का, उचलल्यावर वजन सगळीकडे सारखे लागते का, हे त्या हाताने आणि डोळ्याने तपासत. नाव नसलेल्या वस्तूची पारख करणारी ही नजर हाच कोणत्याही संग्रहाचा पाया आहे, मग ती वस्तू तांब्याची असो वा काचेची. म्हणून माझी पहिली सूचना अशी की, काहीही नवे विकत घेण्यापूर्वी माळ्यावरची भांडी खाली काढावीत, पत्नीसोबत बसून एकेक भांडे हाताळावे, आणि त्यांतील एक-दोन उत्तम भांडी दिवाणखान्यात आणावीत. ठोक्याच्या तांब्यावर पडणारा तांबूस उजेड आणि दुधी काचेतून झिरपणारा थंड उजेड एकमेकांना मारक ठरत नाहीत. एकाच भिंतीवर दोघांना पुरेसे अंतर दिले, तर उलट दोन्ही अधिक उठून दिसतात.

विवस्त्र आकृतींविषयी त्यांना वाटणारा संकोच मी हलका लेखत नाही. घर दोघांचे आहे, आणि पाहुण्यांसमोर घरच्या बाईला अवघडल्यासारखे वाटणार असेल तर ती वस्तू दिवाणखान्यात ठेवू नये. शयनगृहात वा अभ्यासिकेत ठेवावी. तरीही एकदा दोघांनी सकाळी लवकर सिन्नरला जाऊन गोंदेश्वराचे मंदिर नव्या नजरेने पाहावे, असे मी सुचवेन. यादवकाळातील त्या काळ्या दगडाच्या भिंतींवर मानवी देह किती निःसंकोच आणि किती प्रतिष्ठेने कोरलेला आहे, हे तर दिसेलच. त्याखेरीज आपल्या फुलदाणीच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट तिथे शिकता येईल. ऊन तिरपे असते तेव्हा मूर्तींचे खांदे, कंबर, गुडघे भिंतीतून पुढे आल्यासारखे वाटतात. सूर्य डोक्यावर आला की त्याच मूर्ती सपाट होऊन दगडात विरतात. उठावाचे काम दगडात असो वा काचेत, ते समोरून पडणाऱ्या प्रकाशात मरते आणि बाजूच्या प्रकाशात जिवंत होते. आपली फुलदाणी छताच्या मध्यभागी असलेल्या दिव्याखाली काचेच्या कपाटात ठेवलेली असेल, तर आपण ती अजून नीट पाहिलेलीच नाही. एका बाजूने किंवा मागून येणारा मंद एलईडी दिवा द्या आणि संध्याकाळी बाकीचे दिवे मालवून पाहा.

लालिक यांच्या कामाची ओळख थोडी विस्ताराने करून द्यावीशी वाटते, कारण काय जमवावे याचे उत्तर त्यातच आहे. त्यांची पहिली कीर्ती काचेमुळे झालेली नव्हती. ते दागिने घडवत, आणि 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या दागिन्यांनी लोकांना थक्क केले. हिरे-माणकांच्या किमतीवर दागिन्याची योग्यता ठरवण्याच्या काळात त्यांनी शिंग, मीनाकाम आणि काच यांसारख्या साध्या द्रव्यांतून चतुर, फुले, साप घडवले. कालुस्त गुल्बेंकियान या धनिकाने त्यांच्याकडून करून घेतलेले असे अनेक दागिने आज लिस्बनच्या संग्रहालयात आहेत. पुढे फ्रान्स्वा कोती या अत्तराच्या व्यापाऱ्याने त्यांच्याकडून कुप्या करून घेतल्या, आणि येथून त्यांच्या आयुष्याला वळण लागले. एका राणीसाठी एकच दागिना घडवणारा हा माणूस साच्यातून हजारो कुप्या काढू लागला. सुंदर वस्तू कारखान्यात निघाली म्हणून ती हलकी होत नाही, घराघरांत पोचलेली वस्तूही तितक्याच विचाराने रेखलेली असू शकते, हे त्यांनी काचेतून दाखवले. 1925 च्या पॅरिसमधील सजावटी कलांच्या प्रदर्शनात त्यांनी काचेचे उंच कारंजे उभारले. टोकियोतील राजपुत्र आसाका यांच्या वाड्यासाठी काचेची दारे केली, ‘नॉर्मंडी’ या प्रचंड जहाजाच्या भोजनगृहासाठी दिवे केले. तरीही मला त्यांचे खरे मोठेपण टेबलावरच्या रक्षापात्रात, शिंपल्याच्या आकाराच्या ताटलीत आणि अंगठ्याएवढ्या कुपीत दिसते.

म्हणून लहान वस्तू घेणे ही तडजोड आहे, असे मानू नये. आपल्यासारख्या नव्या संग्राहकाने एकच धागा धरावा, आणि माझ्या मते तो अत्तराच्या कुप्यांचा असावा. वर्थ या पॅरिसच्या वस्त्रगृहासाठी त्यांनी 1920 च्या दशकात केलेली गोल, गडद निळी, ताऱ्यांनी भरलेली ‘दां ला न्वी’ ही कुपी पाहावी. रात्र या कल्पनेला इतक्या थोडक्यात रूप दिलेली दुसरी वस्तू मला चटकन आठवत नाही. युद्धानंतर मार्क लालिक यांनी नीना रिच्ची यांच्या ‘लेर द्यू तां’ या अत्तरासाठी केलेली, झाकणावर दोन कबुतरे असलेली कुपी तर आजही तुलनेने सहज मिळते, आणि मुलाच्या काळाशी वडिलांचा काळ ताडून पाहायला ती उत्तम आहे. कुप्यांमध्ये आपल्या सवयीला साजेशी आणखी एक तपासणी करता येते. बुच आणि कुपी एकमेकांसाठी घासून बसवलेले असल्याने पुष्कळ कुप्यांवर दोन्ही भागांना एकच क्रमांक बारीक कोरलेला असतो. क्रमांक जुळले नाहीत, तर बुच दुसऱ्या कुपीचे असण्याची शक्यता आहे, आणि मग किमतीत मोठी घट व्हायला हवी.

मुंबईच्या विक्रेत्याकडील दुधी-निळसर भांडे हा मात्र सावधगिरीचा विषय आहे. अशा काचेला ओपलसंट काच म्हणतात. ती समोरून पाहिली असता निळसर दिसते आणि उजेडासमोर धरली असता पिवळसर-नारिंगी झळकते. भांडे हातात घेऊन ही छटा स्वतः पाहावी. परंतु एवढ्यावरून ते लालिक यांचे ठरत नाही, कारण त्या काळात फ्रान्समध्ये साबिनो, एत्लिंग, व्हेर्लिस अशा अनेक नावांखाली तशीच काच निघत होती, इंग्लंडमध्ये आणि बोहेमियातही निघत होती. यांतल्या काही वस्तू स्वतःच्या गुणावर सुंदर आहेत आणि स्वतःच्या नावाने स्वस्तात मिळतात. वाईट प्रकार असा की, त्यांवरील मूळ खूण घासून त्या जागी लालिक यांचे नाव कोरले जाते. तळाला बोट फिरवून सहीच्या आजूबाजूचा भाग उर्वरित तळापेक्षा खोलगट वा अधिक चकचकीत लागतो का ते पाहावे. वर्षानुवर्षे टेबलावर सरकलेल्या तळाचे ओरखडे अनेक दिशांना, केवळ टेकणाऱ्या कड्यावर असतात. एकाच दिशेचे समांतर ओरखडे दिसले, तर कोणी तरी पॉलिश पेपर वापरला आहे असे समजावे.

त्याहूनही अधिक वेळा फसवणूक होते ती काठात. काठाचा टवका उडाला की संपूर्ण काठ घासून खाली आणला जातो, आणि भांडे पुन्हा निर्दोष दिसू लागते. भिंगाने पाहिल्यास नक्षीचा वरचा भाग अर्धवट कापलेला आढळतो किंवा काठ अनैसर्गिक धारदार लागतो. परंतु खात्रीचा उपाय म्हणजे मोजमाप. लालिक यांच्या काचकामाची फेलिक्स मार्सिलाक यांनी तयार केलेली समग्र सूची आहे, आणि 1932 ची कारखान्याची विक्रीसूचीही पुनर्मुद्रित झालेली आहे. तिच्यातील उंची-व्यास आणि हातातील भांड्याची उंची-व्यास ताडून पाहावेत. मिलिमीटरभर फरक हाताने घडवलेल्या काचेत असतोच, पण चार-पाच मिलिमीटर कमी भरले, तर त्याचे कारण विचारायला हवे. महागड्या भांड्यापूर्वी अशी सूची मिळवणे ही माझ्या दृष्टीने आपली पहिली खरेदी असावी.

विक्रेत्याकडून चार गोष्टी लेखी घ्याव्यात : रचनेचे नाव, रचनेचे वर्ष, घडणीचा काळ, आणि काठ घासणे, चिकटवणे, छिद्र पाडणे यांपैकी काही केले आहे का. शेवटच्या मुद्द्यावर विशेष भर देतो, कारण पूर्वी पुष्कळ फुलदाण्यांना तळात छिद्र पाडून टेबललॅम्प बनवले गेले आणि नंतर ती छिद्रे बुजवली गेली. या चार गोष्टी बिलावर लिहून द्यायला आणि त्यांतील एखादी खोटी ठरल्यास भांडे परत घ्यायला जो राजी नसेल, त्याच्याकडून घेऊ नये, मग किंमत कितीही मोहात पाडणारी असो. ‘उद्या दुसरे गिऱ्हाईक येणार आहे’ या वाक्यावर तर व्यवहार मुळीच करू नये.

गुंतवणुकीबाबत स्पष्ट सांगतो : या हेतूने घेऊ नका. विकत घेताना विक्रेत्याचा नफा वा लिलावगृहाचे शुल्क, परदेशातून आणताना वाहतूक, विमा, सीमाशुल्क आणि कर, आणि विकताना पुन्हा शुल्क, एवढे सारे भरून निघण्याइतकी भाववाढ साध्या वस्तूंत होईल असे गृहीत धरता येत नाही. शिवाय भारतात या काचेचे ग्राहक मोजके आहेत. गाठीशी असलेल्या पैशांतून, गेले तरी चालतील अशा रकमेतच हा छंद करावा. चिरंजीवांनी लिलावातून घ्यायचे ठरवल्यास बोली लावण्यापूर्वीच हे सर्व खर्च मांडून एकूण आकडा काढावा, हानी-दुरुस्तीचा लेखी अहवाल मागवावा, आणि शक्य असेल तर वस्तू हातातल्या सामानातून, बिलासह आणि रीतसर जाहीर करूनच आणावी.

उलट दिशेच्या प्रवासाचाही विचार आताच करून ठेवावा. 1972 च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार किमान 100 वर्षे जुनी कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. 1920 च्या दशकाच्या आरंभी घडलेली काच आता ती मर्यादा ओलांडत आहे. उद्या हा संग्रह मुलाकडे जर्मनीत जावा अशी आपली इच्छा असेल, तर प्रत्येक वस्तूचा घडणीचा काळ, ती देशात कधी आली त्याचे बिल आणि छायाचित्र एका वहीत ठेवावे. शंका असलेली वस्तू नेण्यापूर्वी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो, आणि तेव्हा हीच वही उपयोगी पडेल. अशी नोंद किती महत्त्वाची असते हे पाहायचे असेल, तर अंजनेरीच्या नाणेशास्त्र संस्थेचे संग्रहालय आपल्यापासून दूर नाही. कुठे सापडले, कोणाचे, कधीचे, हे ठाऊक असते तेव्हाच एका नाण्याचा इतिहास होतो.

देखभाल फारशी अवघड नाही. बोअरवेलच्या जड पाण्याचे पांढरे थर खडबडीत काचेत बसले की निघता निघत नाहीत, म्हणून शुद्ध केलेल्या कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब टाकून, सिंकमध्ये जाड टॉवेल अंथरून हाताने धुवावे आणि लगेच पुसावे. गरम पाणी, भांडी धुण्याचे यंत्र आणि तांब्यासाठी वापरतो ती चिंच वा पावडर काचेला लावू नये. काही वस्तूंच्या खाचांत कारखान्यातच लावलेली फिकट निळी वा तपकिरी छटा असते. तिला मळ समजून घासून काढली, तर वस्तूचे मोल कायमचे घटते. नाशिकचे गुलाब फुलदाणीत ठेवायला हरकत नाही, मात्र पाहुणे येण्यापुरते ठेवून रात्री पाणी ओतून टाकावे. दुपारच्या उन्हातील खिडकीचा कट्टा मात्र टाळावा.

आता दोन कामे करावीत. फुलदाणीच्या तळाचा, काठाचा आणि एका आकृतीच्या चेहऱ्याचा फोटो तिरप्या उजेडात काढून, उंची आणि काठाचा व्यास मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये लिहून पाठवावे. तळावर नावाशेजारी वर्तुळात ‘आर’ असे छोटे चिन्ह आहे का, तेही भिंगाने पाहावे. ते नोंदणीकृत व्यापारचिन्ह असून 1970 च्या दशकाअखेरीनंतरच्या वस्तूंवर आढळते, आणि त्यावरून मामांनी ती केव्हा घेतली असावी याचा काळ बराच आवळता येईल. दुसरे काम पत्नींकडे सोपवावे : माळ्यावरच्या भांड्यांतून दिवाणखान्यात कोणते आणायचे आणि फुलदाणी कोणत्या खोलीत ठेवायची, हे त्यांनी ठरवावे. मुंबईच्या विक्रेत्याला तोवर एवढेच कळवावे की, लेखी तपशील आल्यावर भांडे पाहायला येऊ.